साडेतीन दिवसांची मजुरी

गेले काही वीकांत मी एका विचित्र विषयात अडकून पडलोय. छपरावर काम करणाऱ्या कामगाराचा नोकरीचा करार! हसू नका. मलाही आधी वाटलं होतं की एका कागदात वाचण्यासारखं असून असून काय असणार? पण वाचत गेलो आणि थेट आमच्या कोकणातल्या घराच्या आढ्यापर्यंत पोचलो. तेव्हा आज तेच लिहितो. (आधीच सांगतो, मी वकील नाही. पोटासाठी कोड लिहितो. ह्या लेखाच्या भरवशावर कुणी करार करू नये!)

तर झालं असं. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात न भूतो असा पाऊस झाला. एकामागून एक वादळं येत होती आणि आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पातेलं ठेवायची वेळ आली. घर जुनं, छप्परही जुनं. पाऊस ओसरल्यावर दोघांकडून अंदाज मागवला. एक होता परवानावाला कंत्राटदार. दुसऱ्याकडे परवाना नव्हता. तो म्हणाला, रोख द्या, अर्धे आधी द्या, निम्म्यात करून देतो. खरं सांगतो, मी दोन दिवस दुसऱ्याच्याच बाजूने होतो. मराठी मध्यमवर्गीय मन कुठे जाणार? शेवटी बायकोने दटावलं आणि आम्ही परवानावाल्याला काम दिलं.

हा कंत्राटदार मोठा बोलका माणूस. स्वतः वीस वर्षं छपरांवर काम करून मग मालक झालेला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी गप्पा मारायचा. एक दिवस त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. "दोन नवी पोरं घेतोय. हा कामावर घेतानाचा जुना करार. तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतोस, नीट करून देतोस का? गटार फुकट बसवून देतो." सौदा वाईट नव्हता.

आता मी प्रोग्रामर. करार म्हणजे काय तर टेम्प्लेट, असा माझा गोड गैरसमज. माझं स्वतःचं नोकरीचं पत्र, पुण्यातल्या पहिल्या कंपनीचा बाँड, आणि थोडी अक्कल असं मिसळून तासाभरात झकास मसुदा तयार केला. कंत्राटदाराने तो त्याच्या हिशेबनीस बाईंना दाखवला. ह्या बाई अनेक वर्षं छप्परवाल्यांच्या ऑफिसांत पगारपत्रकं करताहेत. दुसऱ्या दिवशी कागद परत आला तो लाल शाईने माखलेला! माझ्या सहा मुख्य कलमांपैकी एकही जसंच्या तसं शिल्लक नव्हतं. बाईंचा निरोप होता, "हे सगळं करून बघून झालंय. म्हणूनच आता चालत नाही. आणि शेवटी वकिलाला दाखवायचंच."

"करून बघून झालंय" हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसते, आपण ती काढायला जातो आणि सीनियर ओरडतो, "अरे ती काढू नको, २००३ मध्ये त्यामुळे सर्व्हर बसला होता!" तसंच हे. म्हणून प्रत्येक लाल रेघेमागे काय घडून गेलंय ते शोधायला बसलो.

कलम पहिलं: पडलास तर तुझा तू

मी लिहिलं होतं, "कामगार स्वतःच्या जोखमीवर काम करीत आहे. अपघात झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही." जिम, ट्रेकिंग क्लब, सगळीकडे आपण असल्या कागदांवर सह्या करतोच की.

हे कलम एके काळी न लिहिताही लागू होतं. १८४२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये फारवेल नावाच्या एका रेल्वे इंजिनचालकाचा खटला झाला. दुसऱ्या कामगाराने रूळ बदलायचा सांधा चुकीचा ठेवला, गाडी घसरली आणि फारवेलचा उजवा हात गेला. त्याने रेल्वेकडे भरपाई मागितली. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ ह्यांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद बघा, अगदी तर्कशुद्ध आहे. हा माणूस इंजिनावर चढला कारण तिथे रोज जास्त मिळतो, दिवसाला २ डॉलर. त्या जास्तीच्या पैशात धोक्याची किंमत आलीच. म्हणजे जोखीम त्याने करारानेच पत्करली, मग आता रडायचं कशाला? सोबतच्या कामगाराच्या चुकीला मालक जबाबदार नाही, हा नियम इंग्लंडमध्ये १८३७च्या एका खटल्यापासून रुजत होता. शॉसाहेबांनी त्याला कराराचं तत्त्वज्ञान दिलं. कॅलिफोर्नियाने १८७२च्या आपल्या दिवाणी संहितेत तो नियम घालूनही टाकला.

इंग्लंडमध्ये १८८० साली मालकाच्या जबाबदारीचा कायदा आला. तेव्हा मालकांनी काय केलं? कामगारांकडून "आम्ही ह्या कायद्याचा हक्क सोडतो" असं लिहून घेतलं! १८८२ मध्ये कोर्टाने ते वैधही ठरवलं. म्हणजे कायदा एका हाताने दिला आणि करार दुसऱ्या हाताने घेऊन गेला.

अमेरिकेत मालक-कामगार संबंध हा बराच काळ राज्यांचा विषय मानला जाई. त्यामुळे ही लढाई एकेका राज्यात वेगळी लढली गेली. न्यूयॉर्कने सक्तीची नुकसानभरपाई आणली, ती तिथल्या सर्वोच्च कोर्टाने २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरवली. आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ जण मेले. बहुतेक तरुण मुली. कॅलिफोर्नियात त्याच १९११ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सनच्या काळात ऐच्छिक कायदा झाला, ऑक्टोबरमध्ये राज्यघटना दुरुस्त झाली आणि १९१३चा बॉयंटन कायदा १ जानेवारी १९१४ पासून सक्तीचा झाला. सौदा असा की चूक कुणाची हे विचारायचं नाही. कामगाराने सहसा मालकावर दावा लावायचा नाही, आणि मालकाने विमा काढून उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा ठरलेला हिस्सा द्यायचा. आणि इंग्लंडसारखी पळवाट राहू नये म्हणून स्पष्ट लिहिलं की कुठल्याही कराराने ही जबाबदारी टळणार नाही. माझ्या पहिल्या कलमाचा निकाल असा शंभर वर्षांपूर्वीच लागला होता.

(सगळीकडे असंच आहे असं समजू नका. टेक्ससमध्ये खाजगी मालकांना हा विमा आजही ऐच्छिक आहे. तोच माणूस, तेच छप्पर, पण राज्याची हद्द ओलांडली की कागद बदलतो.)

कलम दुसरं: नाव बदललं की नातं बदलतं

दुसऱ्या कलमात मी कामगाराला "स्वतंत्र कंत्राटदार" म्हटलं होतं. भारदस्त वाटतं ना? मालकाला त्यात विमा नाही, कर कापायचा त्रास नाही, ओव्हरटाइम नाही.

छपराच्या धंद्यात हा मोह फार मोठा, कारण विमा महाग. अमेरिकेत २०२२ साली एक लाख कामगारांमागे मृत्यूचं सरासरी प्रमाण ३.७ होतं आणि छप्परवाल्यांचं ५७.५! लाकूडतोडे सोडले तर त्या वर्षी ह्यांच्यापुढे कुणीच नव्हतं. विम्याचा हप्ता दर १०० डॉलर पगारामागे ठरतो. कॅलिफोर्नियात तर छपराच्या कामाला पगारानुसार दोन वर्ग आहेत. कमी मजुरीवाल्यांचा दर जास्त, जास्त मजुरीवाल्यांचा कमी, कारण अनुभवी माणूस कमी पडतो. त्यामुळे कागदावर माणसं कमी दाखवायची, किंवा दाखवायचीच नाहीत. "माझ्याकडे कामगारच नाहीत" असं लिहून दिलं की विमा माफ. शेवटी राज्याने २००६ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २००७ पासून छपराच्या परवानाधारकाला, कामगार असोत वा नसोत, विमा सक्तीचा केला. इतर धंद्यांना ती सूट राहिली, ह्यांची आधी गेली. ह्यावरून काय ते समजा.

आणि नाव बदलून नातं बदलत नाही, हे १९८९ मध्येच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. खटला काकडीचा! आमच्या इथून दक्षिणेला गिलरॉय म्हणून लसणासाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या बोरेलो नावाच्या शेतमालकाने काकडी तोडणाऱ्या मजूर कुटुंबांकडून "आम्ही वाटेकरी शेतकरी" अशा छापील करारांवर सह्या घेतल्या होत्या. कोर्ट म्हणालं, कागदावर काय लिहिलंय ते नंतर, आधी प्रत्यक्षात काय चालतं ते बघू. मग २०१८च्या डायनामेक्स निकालाने कसोटी अजून कडक केली आणि २०२० पासून ती कायद्यात आली. तिचा एक भाग असा की माणूस जे काम करतो ते कंपनीच्या नेहमीच्या धंद्याच्या बाहेरचं असलं पाहिजे. छपराच्या कंपनीत छप्पर घालणारा पोऱ्या ह्यात कसा बसणार? माझं दुसरं कलम धाडकन खाली.

कलम तिसरं आणि चौथं: स्क्वेअर, ब्रास आणि दोर

इथे छपराचं माप "स्क्वेअर"मध्ये, म्हणजे १०० चौरस फूट. (आपल्याकडच्या ब्राससारखंच. मला उगाच घरच्यासारखं वाटलं.) मी लिहिलं, मजुरी स्क्वेअरप्रमाणे. बाईंनी बाजूला लिहिलं, "मग विश्रांतीचे पैसे?" अंगावर कामाची पद्धत इथे चालते, पण १ जानेवारी २०१६ पासून अशा माणसाला मधल्या सुट्टीचे आणि जिथे स्क्वेअर भरत नाही अशा वेळेचे, म्हणजे ट्रकची वाट बघणं, पत्रे उतरवणं वगैरेचे, वेगळे पैसे द्यावे लागतात. कारण उघड आहे. स्क्वेअरवर पैसे मिळणारा माणूस उन्हात थांबत नाही. तो पाणी प्यायलाही खाली उतरत नाही.

उन्हावरून आठवलं. बाईंनी अख्खं एक पान जोडलं होतं, पाणी आणि सावलीचं. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उष्माघाताचे नियम करणारं कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. २००५च्या उन्हाळ्यात शेतमजूर मेले, त्यानंतर ते आले. माणशी तासाला साधारण लिटरभर पाणी, आणि पारा ८० फॅरनहाइटच्या वर गेला (म्हणजे जेमतेम २७ सेल्सियस, आपण त्याला ऊन म्हणणारही नाही) की सावली तयार हवी.

चौथं कलम, "हत्यारं, दोर, पट्टा कामगाराने आणावा." तेही अर्धं खोडलं. सुरक्षेची साधनं मालकानेच द्यायची. हातोडीसारखी हातातली हत्यारं कामगाराने आणावीत असं म्हणता येतं, पण मजुरी किमान वेतनाच्या दुप्पट असेल तरच. तेव्हा किमान वेतन तासाला साडेपंधरा डॉलर होतं, म्हणजे हातोडी आणायला लावायची तर ३१ डॉलर द्या! पट्टा कुठल्या उंचीपासून बांधायचा ह्यावरही वाद होता. केंद्राचा नियम ६ फुटांचा, तर कॅलिफोर्नियाने घरबांधणीच्या कामाला बरीच वर्षं १५ फूट ठेवले होते. १ जुलै २०२५ पासून राज्यही ६ फुटांवर आलं. कामगारांच्या बाबतीत एरवी पुढे असलेलं राज्य इथे मात्र मागे होतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

कलम पाचवं: सख्खे चुलत कायदे

हे माझं लाडकं. "नोकरी सोडल्यावर एक वर्ष दुसऱ्या छप्परवाल्याकडे काम करणार नाही." आयटीवाल्यांना ही भाषा पाठ असते. बाईंनी ह्यावर नुसती फुली मारली, शेराही नाही.

ही फुली १८७२ सालची आहे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड डडली फील्ड नावाचा वकील होता. सगळा कायदा सुटसुटीत कलमांत लिहून काढायचा असा त्याला ध्यास. (रिफॅक्टरिंगवेडा म्हणा ना! त्याचा एक भाऊ सायरस, अटलांटिकखालून तारेची केबल टाकणारा. दुसरा भाऊ स्टीफन, कॅलिफोर्नियाचा आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश.) त्याने १८६५ मध्ये न्यूयॉर्कसाठी दिवाणी संहितेचा मसुदा दिला. त्यात होतं की धंदा-व्यवसाय करण्यापासून माणसाला रोखणारा करार, काही अपवाद सोडून, निरर्थक. न्यूयॉर्कने ती संहिता कधीच स्वीकारली नाही. पण कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये उचलली. आणि गंमत म्हणजे त्याच १८७२ मध्ये हिंदुस्थानासाठी करार कायदा झाला, त्यातलं कलम २७ ह्याच मसुद्यावरून घेतलेलं! इंग्लंडमध्ये "वाजवी" बंधन चालायचं, पण इंग्रजांनी आपल्याला कायदा दिला तो मात्र न्यूयॉर्कने नाकारलेला.

म्हणजे बघा, सॅन होजेतला छप्परवाला आणि पुण्यातला प्रोग्रामर, दोघांची नोकरी सोडून समोरच्या दुकानात जाण्याची मुभा एकाच माणसाच्या मसुद्यातून आली आहे. आणि सिलिकॉन व्हॅलीत माणसं सहज कंपन्या बदलतात, नव्या काढतात, त्याचं बरंच श्रेय अभ्यासक ह्याच कलमाला देतात. हे वाचून मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

कलम सहावं: उचल

शेवटचं कलम मी कंत्राटदाराच्या सांगण्यावरून घातलं होतं. हंगामाच्या सुरुवातीला पोरं उचल मागतात. तर उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत सोडायचं नाही, सोडलं तर शेवटच्या पगारातून सगळी वसूल.

हे कलम वाचून मात्र माझी मलाच लाज वाटली, कारण ह्याचा इतिहास आपल्याच घरचा निघाला. १८५९ साली कंपनी सरकार नुकतंच जाऊन राणीचं राज्य आलं होतं आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून एक कायदा झाला. कारागीर आणि मजुरांच्या करारभंगाचा. आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई शहरांत, मग इतरत्र. कामासाठी उचल घेतली आणि काम केलं नाही, तर मॅजिस्ट्रेट हुकूम काढणार, तरी ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने मजुरी बुडवली तर त्याला तुरुंग? छे! ती दिवाणी बाब. आसामच्या चहामळ्यांत हा कायदा किती वापरला गेला ते इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. खुद्द इंग्लंडने कामगाराला करारभंगासाठी तुरुंगात टाकणं १८७५ मध्ये थांबवलं. आपल्याकडे तो कायदा रद्द करायचं विधेयक १९२५ मध्ये मंजूर झालं.

कॅलिफोर्नियाने नाक वर करायचं कारण नाही. इथे १८५० मध्ये मूळ रहिवाशांच्या "संरक्षणाचा" म्हणून एक कायदा झाला होता. त्याखाली रिकामा फिरताना दिसलेल्या माणसाला पकडून चार महिन्यांपर्यंत जास्त बोली लावणाऱ्याच्या कामाला जुंपता येत असे. त्यालाही करारच म्हणत!

आज इथे उचलीची सगळी बाकी शेवटच्या पगारातून परस्पर कापता येत नाही. काढून टाकलेल्या माणसाचा हिशेब त्याच दिवशी चुकता करावा लागतो, टाळाटाळ केली तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला एका रोजाचा दंड, तीस दिवसांपर्यंत. आणि "सोडलंस तर पैसे भर" अशा धर्तीच्या बहुतेक नव्या करारांवर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून बंदी घातली आहे. माझा पुण्याचा बाँड इथे चालला नसता.

शेवटी काय उरलं?

बाईंनी माझ्या मसुद्याच्या जागी एक साधा कागद दिला. १ जानेवारी २०१२ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक कामगारांना कामावर घेताना तो द्यावाच लागतो. त्यात काय असतं? मजुरीचा दर. ती तासावर की नगावर. ओव्हरटाइमचा दर. पगाराचा वार. मालकाचं खरं नाव, पत्ता, फोन. आणि विमा कंपनीचं नाव, पत्ता, फोन. मालक कामगारांशी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत. बस्स. माझ्या सहा कलमांत कामगाराने काय करू नये एवढंच होतं. ह्या कागदात, पडल्यावर कुणाला फोन करायचा, ते होतं.

आणि इथे मला कौलवाले काका आठवले.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंगळुरी कौलांचं. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. फुटकी कौलं काढायची, कोने नीट बसवायचे, कुजलेल्या रिपा बदलायच्या. वर्षानुवर्षं एकच गृहस्थ यायचे. आम्ही पोरं खालून कौलं हातोहात द्यायचो. १९८६च्या मे महिन्यात, मी नऊ वर्षांचा होतो, चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या आधी त्यांच्या पायाखालची रीप मोडली आणि ते अंगणात पडले. मांडीचं हाड गेलं. बाबांनी तालुक्याला नेलं, दवाखान्याचा खर्च केला, दिवाळीपर्यंत तांदूळ पाठवले. ओटीवर बसून एक ओळखीचे वकील म्हणाले होते, "कायद्याने तुम्ही काही देणं लागत नाही हो." काका पुन्हा छपरावर चढले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा आला. माझ्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठा.

वकील बरोबर होते का? मी गेल्या आठवड्यात शोधलं. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता. त्याच्या परिशिष्टात घरदुरुस्तीचं कामही होतं, जमिनीपासून आढ्यापर्यंत बारा फूट किंवा जास्त उंची असली की झालं. आमचं आढं त्याहून उंच होतं. हक्क सोडून देणारा करार निरर्थक, हेही त्यात होतं, अगदी कॅलिफोर्नियासारखंच. पण "कामगार" ह्या शब्दाच्या व्याख्येतच एक कंस होता. नैमित्तिक काम करणारा आणि मालकाच्या धंद्यासाठी न नेमलेला माणूस वगळून! बाबा शिक्षक. कौलं शाकारणं हा काही त्यांचा धंदा नव्हे. कंसात काका बरोबर मावले. तो कंस २००० सालच्या दुरुस्तीने गेला.

मी कंत्राटदाराच्या कागदाकडे बघत होतो तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. त्या निम्म्या किमतीतल्या माणसाला काम दिलं असतं तर? कॅलिफोर्नियाच्या कायद्याने विनापरवाना माणसाचा मालक बहुधा मीच ठरलो असतो. इथेही बाबांच्या वेळसारखी एक पळवाट आहे. आदल्या ९० दिवसांत माझ्याकडे त्याचं काम ५२ तासांहून कमी भरलं असतं, तर तो घरगुती कामगाराच्या व्याख्येतून बाहेर पडला असता. म्हणजे पहिल्या आठवड्यात पडला तर काही नाही. मी तेव्हा निम्म्या किमतीचा विचार करत होतो. त्याच्या मांडीच्या हाडाचा नाही.

रविवारी बाबांना फोन केला. आता वय ८३, पण जुन्या हिशेबाच्या वह्या अजून कपाटात. म्हटलं, ८६ची बघा ना. बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी वाचलं, "शाकारणी, साडेतीन दिवस."

थोड्या वेळाने म्हणाले, "अर्धा दिवस का कापला असेल रे मी?"

मला उत्तर सुचलं नाही. सवयीने कापला असणार. दुपारनंतर काम झालं नव्हतं ना!

असो. आता आमच्या घरावर पत्रा आहे, पण गावात अजून बरीच कौलं आहेत. बांधकाम कामगारांचं महाराष्ट्राचं कल्याणकारी मंडळ २०११ पासून आहे, पण नोंदणीला वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो आणि चार दिवसांच्या शाकारणीचा दाखला कोण देणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात नियुक्तिपत्राची सक्ती आहे. अंगणापर्यंत ती कधी पोचते बघू. तोवर आपल्या हातात असलेली एक गोष्ट सांगतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या कुणालाही घेता येतो, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. मोडलेल्या मांडीला तो पुरणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. छपरावर माणूस चढवण्याआधी त्याला विचारा, हा काढलाय का? नसेल तर आधी बँकेत न्या, मग शिडी लावा.

कौलवाल्या काकांचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला आहे. बाबा म्हणाले, परवाच वाडीत कुणाच्या तरी घरावर होता. त्याचा नंबर मागून घेतलाय.